तहाचे पेपर तपासणारे फहमी सर

मी एकदा एका माणसाचा निरोप समारंभ केला होता. साग्रसंगीत. शाल, श्रीफळ, गुच्छ, फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेली कमळं, सगळं काही. चूक एवढीच झाली होती की ज्यांचा निरोप होता ते कुठेही जात नव्हते.

हसा. मीही हसते, पण आधी तेव्हाच्या मीनाच्या पाठीत एक धपाटा घालते आणि मग हसते. वय एकतीस, शारजातल्या एका भारतीय शाळेत गणिताची बाई, कडक इस्त्रीच्या साडीला चार चार पिना, आणि जगातलं कुठलंही भांडण दोन शहाणी माणसं चहा घेत समोरासमोर बसली की मिटतं, यावर ठाम विश्वास. लग्नाला आठ वर्षं होऊनही हा विश्वास टिकला होता, म्हणजे बघा.

१९९३ चा सप्टेंबर. टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिलं तसं मीही पाहिलं: अमेरिकेतली हिरवळ, दोन शत्रू, मध्ये उभा राहून दोघांना जवळ आणणारा यजमान, आणि अखेर हातात हात. मी पदराने डोळे पुसले. आणि मला एकदम आठवलं, आपले अरबीचे फहमी सर तिकडचेच की! गाझाचे! तह झाला म्हणजे सर आता घरी जाणार.

शास्त्र शिकवणारी शबाना परकार माझी मैत्रीण. रत्नागिरीची, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "अगो, त्यांना विचारलंस तरी? कधी जातायत, कुठे जातायत?"

"विचारायचं काय त्यात? सरप्राइज आहे."

"तुझं सरप्राइज म्हणजे मला धडकीच भरते गो," ती म्हणाली आणि तरीही रोल्याच्या बाजारातून नारळ घेऊन आली.

तर स्टाफरूममध्ये समारंभ झाला. एसी बंद पडलेला, आणि त्या उकाड्यात मी सरांच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली. मायभूमीच्या हाकेला ओ देऊन निघालेल्या आपल्या सहकाऱ्याला वगैरे असं तोंडपाठ केलेलं भाषण ठोकलं. सर उंच, काटकुळे, शर्टाच्या बाहीला कायम खडू लागलेला. हातातल्या नारळाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग उभे राहिले. (बसलेच नव्हते खरं तर, पण ते पुढे सांगते.)

"मिस मीना," ते म्हणाले, "आजवर मला पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणांहून जायला सांगितलं. पण फुलं देऊन, भाषण करून, इतक्या प्रेमाने कोणी घालवलं नव्हतं. शुक्रन."

आधी सगळे हसले. मग कोणीच हसेना. शबानाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वळ चार दिवस होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा. त्या कराराचा इंग्रजी मजकूर, वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेला. सर उभेच. "वाचलात?"

"फोटो पाहिला," मी प्रामाणिकपणे म्हणाले.

"फोटो म्हणजे मुखपृष्ठ. आत वाचा. दहापैकी मार्क द्या."

मी आठ दिले. सरांनी लाल पेनने माझा आठ खोडून तीन केला. आमचं बोलणं व्हायचं ते इंग्रजी, स्टाफरूमची हिंदी आणि हातवारे अशा तिहेरी भाषेत. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. ते म्हणाले, "तुम्ही गणिताच्या बाई. पोराने पहिली दोन सोपी उदाहरणं सोडवली आणि अवघड पाचांपुढे 'ही पुढच्या वर्षी सोडवेन' असं लिहिलं, तर पास करता?"

मी परत उघडून पाहिलं. खरंच होतं. दोघांचाही दावा असलेलं शहर कोणाचं, सीमा कुठे, घरं सोडून गेलेल्यांचं काय, सगळं नंतरवर. मला तेव्हा जेवढी लाज वाटली तेवढी शाल घालतानासुद्धा वाटायला हवी होती.

मग मला त्यांची हकीकत कळली. घराणं मूळचं समुद्रकाठच्या एका गावातलं. ते गाव आता सीमेपलीकडे, नावही बदललेलं. सर जन्मले गाझात. अठराव्या वर्षी शिकायला कैरोला गेले, आणि सदुसष्टचं युद्ध झालं. नव्या राजवटीने गाझातली माणसं घरोघर जाऊन मोजली. सर मोजणीच्या दिवशी घरात नव्हते, म्हणून ते तिथले नाहीत. घरी आई-वडील आणि बारा वर्षांची बहीण, सुआद. आई-वडील वारले, तेव्हाही सरांना जाता आलं नाही. सुआद राहिली. इतक्या वर्षांत भाऊ-बहीण तीनदा भेटले, तिन्ही वेळा कैरोत, तिला कसाबसा परवाना मिळाला तेव्हा. सरांच्या सगळ्या राजकारणाच्या तळाशी एवढीच गोष्ट होती: चौथी भेट, आणि ती तिच्या घरात, तिच्या ओट्याजवळ उभं राहून.

उभं राहून म्हणजे खरंच उभं राहून हं. फहमी सर बसत नसत. चहा उभ्याने, पेपर तपासणं खिडकीच्या कठड्यावर. शाळेच्या बसमध्ये जागा असली तरी दांड्याला धरून उभे. मी एकदा म्हटलं, "सर, खुर्चीत काय काटे आहेत?" तर म्हणाले, "बसलं की उठायला वेळ लागतो." तीन मिनिटं एका जागी थांबले तर त्यांचा उजवा पाय आपला आपण हलायला लागायचा, शिवणयंत्रावर असल्यासारखा.

मुलांवर त्यांचा जीव. मल्याळी, मराठी, सिंधी, गुजराती, सगळी पोरं त्यांची 'हबीबी'. फक्त एक गोष्ट वर्गात चालायची नाही. "गृहपाठ आणणार का?" विचारल्यावर पोरगं "इन्शाल्ला, सर" म्हणालं की सर खडू खाली ठेवायचे. "अल्लाला माझ्या गृहपाठात ओढू नकोस. वार सांग. सोमवार की मंगळवार?"

जगातल्या मोठ्या माणसांनाही ते हाच नियम लावत. नवी शांतता योजना जाहीर झाली (आणि त्या तीस वर्षांत किती झाल्या म्हणता! परिषदा, नकाशे, टप्पे, शेखांचा प्रस्ताव, चार देशांचा प्रस्ताव) की सर तिचा मजकूर मिळवणार, प्रस्तावना न वाचता थेट मागची पानं उघडणार. नकाशा आहे का? वार-तारीख आहे का? दारावर उभा कोण राहणार? हे तीन प्रश्न. मग समासात लाल शेरे. "अक्षर सुंदर. उत्तर कुठे आहे?" "प्रश्न भलताच सोडवला आहे." एका योजनेवर नुसतं "पालकांना घेऊन येणे" असं लिहिलं होतं, ते पाहून मी आणि शबाना पोट धरून हसलो.

चौथा प्रश्न मात्र मला बरीच वर्षं माहीत नव्हता. एका पेपरवर मी विचारलं, "यात तर तुमच्या बाजूचं बरंच दिलंय, तरी दोनच मार्क?" सर म्हणाले, "त्या नाक्यावर बंदूक घेऊन उभं असलेलं पलीकडचं पोरगं वीस वर्षांचं असतं. त्याची आईपण जागी असते. तिला ज्या कागदाने झोप लागणार नाही, तो कागद सुआदच्या दाराशी टिकणार नाही." मग पाय हलवत म्हणाले, "हे मी माझ्या घरी बोललो तर भांडण होतं. तुम्हीच ऐका."

आणि शून्य कधी द्यायचे नाहीत. दीड, दोन, एकदा चक्क पाऊण. मी म्हणाले, "सर, पाऊण कसले? भोपळा द्या की सरळ." तर दचकलेच. "शून्य दिलं की पोरगं शाळा सोडतं, मिस मीना. मग तुम्ही शिकवणार कोणाला?"

पण हे मार्क देणारे कठोर परीक्षक घरी काय करायचे ते मला पुढे कळलं, आणि तेव्हापासून मी त्यांच्यावर हसणं जरा कमी केलं. सरांकडे पासपोर्ट नव्हता. निर्वासितांना मिळणारा इजिप्तचा एक प्रवासाचा कागद होता. गंमत अशी की तो दाखवून खुद्द इजिप्तमध्येही व्हिसाशिवाय शिरता येत नाही. तर कुठलीही योजना जाहीर झाली, तिला सरांनी दीड मार्क का दिले असेनात, की दुसऱ्या दिवशी ते रोल्यातल्या एका मल्याळी फोटोवाल्याकडे जायचे आणि पासपोर्टच्या मापाचे फोटो काढून यायचे. कागद नवा करायचा तर फोटो तयार हवेत ना.

ते सगळे फोटो त्यांनी एका लिफाफ्यात ठेवले होते. सरांच्या निवृत्तीनंतर मी त्यांच्या शारजातल्याच अल नहदा भागातल्या फ्लॅटमध्ये गेले असताना त्यांचा मुलगा तारिक, जबल अली बंदरात मालवाहतुकीच्या कंपनीत आहे तो, त्याने मला ते पत्त्यांसारखे मांडून दाखवले. पहिल्यात काळेभोर केस: हिरवळीवरचा हात. मग मिशी पांढरी: अमुक परिषद. मग चष्मा: टप्प्याटप्प्याची योजना. मग टक्कल, मग बसलेली गालफडं. सगळ्या फोटोंत एकच निळा टाय. शेजारच्या खोलीतून सर ओरडले, "तारिक, परीक्षेचे निकाल बाहेरच्यांना दाखवायचे नसतात!"

"बाबा मार्क कमी देतात," तारिक मला हळूच म्हणाला, "पण प्रत्येक वेळी केस कापून जातात."

मग २०२० साली इथल्या राज्याने इस्राएलशी करार केला. विमानं सुरू झाली. सर दहा दिवस कोणाशी बोलले नाहीत, फक्त चालले. अल नहदाच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगांमधून येरझाऱ्या. मी फोनवर मार्क विचारले तर म्हणाले, "हा पेपर माझ्या विषयाचा नाही," आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी, माझी नात इरा आणि सर दुबईच्या जुन्या बाजारात खजूर घ्यायला गेलो होतो. दुकानात एक म्हातारे गृहस्थ खजूरवाल्याशी घासाघीस करत होते. अरबीतच, पण सरांचे कान टवकारले. "ही बगदादची अरबी," ते मला म्हणाले, "आणि सत्तर वर्षं जुनी." मग सरांनी त्यांना विचारलं, कुठले? म्हाताऱ्याने गावाचं नाव सांगितलं. सरांचा हलणारा पाय थांबला. ते गाव म्हणजे सरांच्या घराण्याचं गाव, नव्या नावाचं.

मी आपली मूर्खासारखी दोघांनाही हाताला धरून शेजारच्या टपरीवर करक, म्हणजे इकडचा दाट दुधाचा कडक चहा, प्यायला नेलं. इरा म्हणाली, "आजी, प्लीज, यू कान्ट फिक्स एव्हरीथिंग." मी म्हटलं, गप बस, चहाने कोणी मरत नाही.

म्हातारा लहानपणीच बगदाद सोडून आलेला ज्यू. त्याच्या बापाचं बगदादमधलं घर कोणीतरी घेतलं. तो ज्या गावी राहतो तिथलं घर कोणाचं होतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं, असं तोच म्हणाला. दोघं बोलत होते, सर भरभर इंग्रजीत मला सांगत होते. शेवटी सरांनी विचारलं, "इथे यायला किती वेळ लागला?"

"साडेतीन तास."

सर एवढं हसले की चहा सांडला. "मी पंचावन्न वर्षं निघालोय, अजून पोचलो नाही."

म्हातारा हसला नाही. त्याने आपल्या खजुरांचा डबा उघडून सरांपुढे धरला. सरांनी एक घेतला. एवढीच ती माझी शांतता परिषद. निवेदन वगैरे काही निघालं नाही. परतताना गाडीत मी उत्साहाने म्हणाले, "बघा, माणसं भेटली की कसं—" सर म्हणाले, "मिस मीना, तो माझ्या गावी आज घरी जाऊन जेवेल. मी अल नहदाला जेवेन. खजूर चांगला होता."

मग ते युद्ध. त्याबद्दल मी काय लिहू, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आम्ही फोन पाहायचो. सरांनी पाठवलेल्या निरोपावर एक खूण आली की तो गेला, दोन आल्या की सुआदला पोचला. कधी कधी नऊ-नऊ दिवस एकच खूण. सर मजल्यावरच्या बोळात फिरत, लिफ्टपासून जिन्यापर्यंत आणि परत. शेजारची सिंधी बाई त्यांच्या पायांच्या आवाजावरून सांगायची, आज निरोप पोचला की नाही. सुआद सत्तरीची, विधवा, हृदयाचा आजार. सात वेळा जागा बदलली. घर राहिलं नाही. मग ती जाऊन त्या घराच्याच जागेवर तंबू बांधून राहिली.

गेल्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा एक योजना आली. कलमांची लांबलचक यादी. मी छापून घेऊन गेले, लाल पेनसुद्धा नेलं. सरांनी ते माझ्याच हातात परत दिलं. "तुम्ही तपासा." मी सगळं वाचून दाखवलं. तारखा कमी होत्या. नकाशा होता, पण रेषा सरकत्या. एका कलमात मात्र लिहिलं होतं की सीमेवरचं दार दोन्ही बाजूंनी उघडेल. तिथे सर म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं. "परत." पाच वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी तारिक त्यांना रोल्यात घेऊन गेला. मल्याळी फोटोवाल्याचा आता मुलगा बसतो तिथे.

त्या दाराशी काय झालं हे सरळ सांगते, उगाच उत्कंठा नको. सुआदचं नाव उपचारासाठी बाहेर काढायच्या आजाऱ्यांच्या यादीत लागलं. ती आली नाही. सरच गेले. तारिकने महिनाभर खटपट करून इजिप्तचा व्हिसा काढला, आणि सर निघाले तेव्हा मी नाशकात कवळी बसवून घेत होते. ते आता सीमेच्या अलीकडच्या एका गावात भाड्याच्या खोलीत आहेत आणि आत जायच्या यादीत आपलं नाव शोधतात. यादी रोज लागते. नाव अजून नाही. मी फोनवर मार्क विचारले. म्हणाले, "पेपर अजून चालू आहे."

म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये, एका दुपारी. सुआद यायला तयार होईना म्हणून सरांनी मला बोलावून घेतलं होतं. "माझं ती बारा वर्षांची असल्यापासून ऐकत नाही. तुम्ही बाईमाणूस, तुम्ही सांगा. मी अरबीत सांगत जातो."

आणि मी गेले! चौसष्टाव्या वर्षी, नातीचा हात धरून, मनात मुद्दे ठरवून. व्हिडिओवर सुआद दिसली. मागे निळी ताडपत्री, पुढ्यात परातीत कणीक. मळता मळताच बोलत होती. आधी तिने मला विचारलं, हा वेळेवर जेवतो का? मी म्हणाले, जेवतो, पण उभ्याने. ती हसली. दात सरांसारखेच, पुढे थोडी फट.

मग मी माझी योजना मांडली. सुआदताई, आधी हृदयाचं ऑपरेशन, इथले डॉक्टर चांगले आहेत. मग तारिकच्या घरातली कोपऱ्यातली खोली, खिडकीतून खाडी दिसते. औषध, गरम पाणी, दिवे. भाऊ समोर. मी रोज येईन, तुम्हाला पुरणपोळी शिकवीन. सर खिडकीपाशी उभे राहून एकेक वाक्य अरबीत सांगत होते, वर्गात शुद्धलेखन घालतात तशा स्वच्छ आवाजात. पाय हलत नव्हता. मी बोलत गेले तसा त्यांचा चेहरा उजळत गेला, ते मला दिसत होतं, म्हणून मी आणखी बोलत गेले. खोलीचा रंगसुद्धा सांगितला. नकाशा, वार, सगळं दिलं. माझ्या मते दहापैकी दहा.

सुआदने कणकेवर ओलं फडकं टाकलं. हात पुसले. तंबूच्या दारातून बाहेर बघत दोन-तीन वाक्यं बोलली. सरांनी खिडकीजवळची खुर्ची ओढली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर बसले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

सरांनी चष्मा काढून हातात धरला आणि बहिणीचे शब्द जसेच्या तसे सांगितले:

"बाई प्रेमळ आहे. तिला म्हण, इथून निघायचं कसं हे मला सगळेच सांगतात. परत आणून सोडणार कोण, तेवढं तिला विचार."